‘चतुर्थी झाली की औषध सुरू करतो’

वाचकाचे पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात) :

मी ३६ वर्षांचा असून डिचोली तालुक्यात राहतो आणि औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करतो. घरी आई, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी आहे. कारखान्यातल्या रक्तदान शिबिरात मी रक्त दिले, त्यानंतर काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, मला समुपदेशन केंद्रात बोलावले गेले आणि पुन्हा तपासणी करून एचआयव्ही असल्याचे सांगण्यात आले. माझी सीडी४ (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) संख्या ६१२ आहे. एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातील डॉक्टर याच आठवड्यात गोळी सुरू करा म्हणतात. पावसामुळे राहिलेला थोडा खोकला सोडला तर मला कसलाही त्रास नाही. सीडी४ उतरल्यावरच औषध द्यायचे असते, असे मी वाचले आहे. आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ पंधरा-सोळा वर्षांपूर्वी या गोळ्या घेत असत. त्यांचे गाल बसले, हातपाय काटकुळे झाले आणि त्यावरूनच गावाला सगळे समजले. चतुर्थीला मूळ घरात आम्ही पंचवीस-तीस माणसे पाच दिवस एकत्र असतो, तिथे गोळी लपवणे शक्य नाही. पत्नीला मी अजून काही सांगितलेले नाही. म्हणून चतुर्थी झाली की औषध सुरू करायचे आणि तोवर एका वैद्यांचा काढा घ्यायचा, असे ठरवले आहे. अडीच-तीन महिन्यांनी असा काय फरक पडणार? माझे काही चुकते आहे का?

उत्तर :

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून मांडते. हो, चुकते आहे. चतुर्थीपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात केंद्रात जा, खोकल्याविषयी डॉक्टरांना आपण होऊन सांगा आणि त्यांनी होकार दिला की त्याच दिवशी गोळी सुरू करा. एरवी या सदरात मी इतके सरळ उत्तर देत नाही, कारण येथे येणाऱ्या बहुतेक प्रश्नांना दोन बाजू असतात. दोन बाजू असलेला प्रश्न तुमच्या पत्रातही आहे, पण तो औषधाचा नाही. कोणाला सांगायचे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हा तो प्रश्न आहे. तुम्ही औषध घेणे आणि लोकांना कळणे या दोहोंची एकच मोट बांधली आहे, आणि दुसऱ्याची भीती वाटते म्हणून पहिले पुढे ढकलत आहात. ही मोट सोडवता आली, तर उरलेले पत्र बरेच सोपे आहे.

सीडी४ उतरल्यावरच औषध द्यायचे असते, हे तुम्ही वाचले ते एके काळी खरे होते. आपल्या देशात सरकारी केंद्रांतून एआरटी मोफत मिळू लागली ती एप्रिल २००४ पासून. त्या काळी सीडी४ साधारण २०० च्या खाली गेल्यावर औषध सुरू होई. पुढे ही मर्यादा ३५० झाली, मग ५००, आणि २०१७ मध्ये ती काढूनच टाकण्यात आली. तेव्हापासून भारतात निदान झालेल्या प्रत्येकाला, सीडी४ कितीही असो, औषध देण्याचे धोरण आहे. जुनी मर्यादा असण्याची कारणे त्या काळाची होती. औषधे महाग होती, त्यांचे दुष्परिणाम जड होते आणि ती लवकर सुरू केल्याने नेमका किती लाभ होतो याचा भक्कम पुरावा हाती नव्हता. कारणे गेली तशी मर्यादाही गेली. जुन्या मजकुरात मात्र ती अजून शिल्लक आहे आणि थांबायला निमित्त शोधणाऱ्या माणसाला ती बरोबर सापडते.

तो पुरावा कसा मिळाला, हे सांगण्याजोगे आहे, कारण त्यातली माणसे अगदी तुमच्यासारखी होती. ‘स्टार्ट’ या नावाच्या अभ्यासात ३५ देशांतील ४,६८५ जणांना घेण्यात आले होते. सर्वांची सीडी४ संख्या ५०० च्या वर होती आणि कोणीही पूर्वी औषध घेतलेले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले: एका गटाला लगेच औषध, तर दुसऱ्याला सीडी४ ३५० पर्यंत उतरल्यावर किंवा आजाराची लक्षणे दिसल्यावर. २०१५ च्या मे महिन्यात, अभ्यास ठरल्या मुदतीला पोहोचण्यापूर्वीच, देखरेख करणाऱ्या मंडळाने सर्वांना औषध देऊ करा असे सांगितले. गंभीर आजार किंवा मृत्यू लगेच औषध घेणाऱ्यांच्या गटात ४२ जणांच्या वाट्याला आले होते आणि थांबणाऱ्यांच्या गटात ९६ जणांच्या. त्या आजारांत क्षयरोग होता आणि काही कर्करोगही होते. तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: यांतले दोनतृतीयांशाहून अधिक प्रसंग सीडी४ ५०० च्या वर असतानाच घडले. म्हणजे ६१२ हा आकडा चांगला आहे, त्याचा आनंदही मानावा, पण त्याच्या आडोशाला बसून राहता येत नाही.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते. त्या अभ्यासातही दोन्ही गटांतली बहुसंख्य माणसे सुखरूपच होती. चतुर्थीपर्यंत थांबलात तर तुम्हाला काही होईलच, असे मी म्हणणार नाही, आणि कोणी तसे म्हणून तुम्हाला घाबरवत असेल तर तेही योग्य नाही. पण तुम्ही फायदा-तोट्याचा हिशेब मांडत असाल, तर दुसऱ्या रकान्यात काय आहे तेही पाहा. औषध न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात हा विषाणू रोज अब्जावधी प्रती तयार करतो. त्रास जाणवत नाही याचा अर्थ शरीर त्याच्याशी लढताना अजून दमलेले नाही, इतकाच. या लढाईमुळे शरीरात सतत एक मंद दाह चालू राहतो आणि विषाणू लसिकाग्रंथींत व आतड्यांच्या अस्तरात आपले कायमचे साठे करत राहतो. उशीर केल्याने तुमच्या पदरात काय पडते, हे मी शोधून पाहिले. चतुर्थीत गोळी लपवावी लागणार नाही, यापलीकडे काही सापडले नाही.

आणि चतुर्थीचाच विचार करायचा, तर ती आत्ता सुरू करण्याच्या बाजूची आहे. हे औषध सुरू केल्यावर कोणाला पहिले काही दिवस डोके दुखते, कोणाला मळमळते, कोणाला झोप नीट लागत नाही किंवा चमत्कारिक स्वप्ने पडतात. हा त्रास बहुधा पहिल्या काही आठवड्यांत ओसरतो. आज सुरू केलेत तर हे सगळे तुमच्या स्वतःच्या घरात, नेहमीच्या दिनक्रमात होऊन जाईल, आणि गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला मूळ घरी जाल तेव्हा गोळीची सवय अंगवळणी पडलेली असेल. शिवाय बहुतेकांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच फार खाली येते. चतुर्थीनंतर सुरू करायचे ठरवलेत, तर ते पाच दिवस तुम्ही औषधावाचून, मनात तेच गुपित घेऊन काढाल, आणि त्यानंतर दिवाळी येईल, मग गावची जत्रा. आपल्याकडे पुढे ढकलायला सण कमी पडत नाहीत.

वाड्यावरच्या त्या गृहस्थांविषयी. तुम्ही जे पाहिलेत ते खरे होते आणि त्या आठवणीने तुम्हाला भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्या काळी स्टॅव्ह्युडीन नावाचे औषध सर्रास दिले जाई. ते स्वस्त होते, त्याने अनेकांचे प्राण वाचवले, पण दीर्घकाळ घेतल्यावर चेहऱ्यावरची आणि हातापायांवरची चरबी झडत असे, पायांत मुंग्या येत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली आणि आपल्याकडेही ते केव्हाच मागे पडले. तुम्हाला जी गोळी मिळेल तिच्यात बहुधा टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकत्र असतील; दिवसातून एकच गोळी, जेवणाआधी किंवा नंतर, केव्हाही चालते. तिच्याने गाल बसत नाहीत. उलट काहींचे वजन वाढते, आणि एखाद्या काकूने ‘तब्येत सुधारली’ म्हणून कौतुक केले तर ते ऐकून घ्यावे लागेल. टेनोफोविरचा मूत्रपिंडावर क्वचित परिणाम होतो, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी ठरावीक काळाने करतात; ती चुकवू नका. त्या गृहस्थांचा चेहरा पाहून गावाने जे ओळखले, ते आज औषध वेळेवर घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. चेहऱ्यावर दिसेल ते औषध न घेतल्याने.

लवकर सुरू केले तर औषधाची ताकद लवकर संपेल, अशी शंका तुम्ही लिहिलेली नाही, पण या विषयावर मला जी पत्रे येतात त्यांत ती हटकून असते, म्हणून इतर वाचकांसाठी येथेच सांगते. औषध निकामी होते ते धरसोडीमुळे. चार दिवस घेतले, आठवडाभर राहिले, पुन्हा घेतले, असे झाले की विषाणूला त्या औषधाला चुकवून वाढायला वाव मिळतो. नियमाने घेणाऱ्याच्या बाबतीत तेच औषध वर्षानुवर्षे काम करते. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

काढ्याचे मात्र सोडून द्या. वैद्यांविषयी अनादराने हे लिहीत नाही. माझ्या घरातही काढे होतात. पण एचआयव्हीला आवर घालणारा काढा अस्तित्वात नाही, आणि काही पुड्यांमध्ये व भस्मांमध्ये असे धातू असतात की ज्यांचा भार नेमका त्याच मूत्रपिंडावर पडतो, ज्याची तुम्हाला आता काळजी घ्यायची आहे. काढा आधीच सुरू केला असेल तर त्याचे नाव आणि त्यातले घटक केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा. रागावतील या भीतीने लपवू नका.

आता तो खोकला. तुम्ही तो अर्ध्या वाक्यात उरकला आहे, पण माझ्या मते पत्रातली सर्वांत तातडीची ओळ तीच आहे. पावसाळ्यात गोव्यात कोण खोकत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरीही एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनातली घट यांपैकी एक जरी असले, तरी क्षयरोगाची तपासणी करायची असते. थुंकीची तपासणी होते, छातीचा एक्स-रे काढतात, आणि बहुधा काही दिवसांत चित्र स्पष्ट होते. क्षयरोग निघालाच तर त्याचे औषध आधी सुरू करतात आणि एआरटी साधारण दोन आठवड्यांच्या आत जोडतात. अशा वेळी डोल्युटेग्रॅव्हिरची एक जास्तीची मात्राही द्यावी लागू शकते. क्षयरोग नसेल तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्यांचा विचार होतो. एआरटी थोडी पुढे ढकलण्याचे खरे वैद्यकीय कारण असते ते असे, म्हणजे क्षयरोग, किंवा मेंदूच्या आवरणाला झालेला संसर्ग, ज्यात तीव्र डोकेदुखी, ताप, मानेत ताठरपणा अशी लक्षणे असतात. त्यातही किती दिवस थांबायचे हे डॉक्टर ठरवतात. पंचांग पाहून ते ठरत नाही.

गोळी लपवण्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. चतुर्थीच्या घरात खाजगी असे काहीच नसते, आणि रक्तदाबाच्या गोळीसारखी ही गोळी उघड्यावर ठेवता येत असती, तर तुम्ही मला पत्रच लिहिले नसते. पण अडचण गोळी घेण्याची नाही, ती डबीची आहे. एका वेळी चार-पाच दिवसांच्याच गोळ्या लहान घट्ट झाकणाच्या डबीत न्या, मूळ बाटली आणि तिच्यातली ओलावा शोषणारी पुडी घरीच राहू द्या, आणि गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून वर थोडा कापूस ठेवा. वेळ अशी निवडा की जेव्हा तुम्ही नाहीतरी एकटे असता. पहाटे आंघोळीला जाण्यापूर्वीची वेळ उत्तम. रात्रीच्या आरतीनंतर घुमटवादन थांबेपर्यंत किती वाजतील याचा नेम नसतो. झोपेचा त्रास होणाऱ्यालाही सकाळची वेळ सोयीची पडते. उपवासाच्या दिवशी पाण्याबरोबर घेतली तरी चालते. एक खबरदारी मात्र खास त्या पाच दिवसांसाठी: नेवऱ्या आणि वडे झाल्यावर जळजळ होऊन जे पांढरे आम्लनाशक औषध आपण घटघट पितो, ते डोल्युटेग्रॅव्हिरला शरीरात शोषू देत नाही. गोळी त्याच्या किमान दोन तास आधी किंवा त्यानंतर सहा तासांनी घ्या. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांचेही असेच असते, फक्त त्या जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या वाचकांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याची मात्रा कमी करावी लागू शकते.

माझ्या वयाच्या गोमंतकीयांच्या मनात या भीतीला एक जुना संदर्भ आहे, आणि तुम्ही तेव्हा जन्मलेले असोत वा नसोत, तो तुमच्यापर्यंत कुठून तरी पोहोचलेला असणार. १९८९ च्या फेब्रुवारीत म्हापशात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याने केले काय होते, तर तुमच्यासारखेच रक्तदान. त्यातून त्याला एचआयव्ही असल्याचे उघड झाले होते. तेव्हाच्या गोव्याच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती. क्षयरोग्यांसाठीच्या एका ओस पडलेल्या इमारतीत त्याला ६४ दिवस ठेवण्यात आले, आणि त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. १९९२ मध्ये तो गेला. त्यापूर्वी त्याने इथल्या एचआयव्हीग्रस्तांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली. तुम्हाला देऊ केली जाते आहे ती गोळी त्याच्या वाट्याला आली नाही.

कायद्यानेही तेव्हापासून बरीच मजल मारली आहे. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा केंद्रीय कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती उघड करता येत नाही, नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही, आणि या कारणावरून कामावरून काढणे हा बेकायदा भेदभाव ठरतो. कारखान्याला काही कळवण्याचे बंधन तुमच्यावर नाही. पुढच्या वर्षी रक्तदान शिबिर आले की मात्र रक्त द्यायचे नाही, आणि कोणी विचारलेच तर हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून सांगायचे. इतके खोटे मी माफ करते.

बांबोळीला जाताना कोणी पाहील, हीदेखील तुमची भीती असेलच. तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र आहे. पण त्या आवारात रोज किती माणसे येतात याचा विचार करा. आपल्याकडे असे घर नाही की ज्यातले कोणी ना कोणी बांबोळीला खेपा घालत नाही, आणि तिथे भेटलेला ओळखीचा माणूस स्वतःच्याच काळजीत असतो. सुरुवातीला महिन्याला एक खेप पडेल. प्रकृती स्थिरावली की एकदम तीन महिन्यांच्या गोळ्याही मिळू शकतात. नोंद दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या केंद्रात हलवता येते आणि काही जण ओळख टाळण्यासाठी तसे करतात. मला ते फारसे पटत नाही. लांबचे केंद्र म्हणजे पाऊस, बस आणि रजा यांपैकी काही ना काही आडवे येणार, आणि गोळ्या संपलेल्या असणार.

आता कोणाला सांगायचे, या प्रश्नाकडे येते. आई, भाऊ, काका यांच्या बाबतीत सांगणे सावकाश होऊ द्या. त्यांना कधीच सांगितले नाही तरी चालेल, कारण एका ताटात जेवल्याने, एका घरात झोपल्याने, लहान मुलांना कडेवर घेतल्याने हा आजार पसरत नाही. पत्नीची गोष्ट निराळी आहे आणि येथे मी तुम्हाला सवलत देणार नाही. तिला चतुर्थीपूर्वी नव्हे, या काही दिवसांतच कळायला हवे. तुमचे निदान झाल्यानंतर तिची तपासणी झालेली नाही. तिला संसर्ग झाला असेल तर तुम्हाला जे औषध आज मिळते आहे ते तिलाही आजच मिळायला हवे, आणि मग मुलीचीही तपासणी करावी लागेल. संसर्ग झाला नसेल तर तो होऊ नये याची काळजी आत्तापासून घ्यायला हवी: प्रत्येक वेळी निरोध, आणि तिची ठरावीक काळाने पुन्हा तपासणी, कारण अगदी अलीकडचा संसर्ग पहिल्या चाचणीत दिसत नाही. गेल्या ७२ तासांत निरोधाशिवाय संबंध आला असेल तर थांबूच नका. त्या मुदतीत सुरू केल्या तर २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या तिला देता येतात.

आणि येथेच तुमच्या गोळीचा दुसरा अर्थ आहे. पुणे आणि चेन्नईसह नऊ देशांतील केंद्रांत झालेल्या एका अभ्यासात, जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्ही असलेली १,७६३ जोडपी होती. लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसून आले. त्यानंतर युरोपात झालेल्या मोठ्या अभ्यासांत, रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झालेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग झाल्याची एकही घटना आढळली नाही. ही अवस्था व्हायरल लोडच्या तपासणीतून ठरते. ती आपल्याकडे साधारण सहाव्या महिन्यात होते, आणि तोवर निरोध सोडायचा नाही. पुढेमागे दुसरे मूल हवे असेल तर तेही याच वाटेने शक्य आहे. तुम्ही अडीच महिने थांबणार म्हणजे पत्नीसाठीची ही वाटही अडीच महिने लांबवणार, तीही तिला न विचारता.

तिला कसे सांगायचे? घरी तुम्ही कोकणीतून बोलत असाल, तेव्हा शब्द तुमचेच असू देत, पण वाक्ये थोडी ठेवा: ‘माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला आहे. त्यावर औषध आहे आणि मी ते सुरू केले आहे. तुझीही तपासणी करायला हवी, मी तुझ्याबरोबर येतो.’ दुसरे वाक्य खरे असेल तर तिसरे म्हणणे सोपे जाते. गोळी आधी आणि बोलणे लगेच त्यानंतर, असे मी म्हणते ते यासाठीच. एकट्याने जमणार नाही असे वाटले तर समुपदेशकाला सांगा. दोघांना समोर बसवून बोलणे हे त्यांचे रोजचेच काम आहे. ती रागावेल, रडेल, कदाचित चार दिवस माहेरी जाईल. हे कसे झाले, असे ती विचारील, आणि त्या प्रश्नाला तयार केलेले उत्तर देऊ नका. तुम्ही टाळतच राहिलात, तर तिच्या संरक्षणासाठी डॉक्टरांनी तिला सांगण्याची मुभा कायद्याने काही अटींवर ठेवली आहे. तिला ते तुमच्याकडून कळलेले बरे.

तुमच्या मूळ पत्रात बराच मजकूर ‘मी तसला माणूस नाही’ हे पटवून देण्यात गेला होता. तो मी वर छापला नाही, कारण त्याची गरज नव्हती. रक्तपेढीने विचारले नाही, डॉक्टरांनी विचारले नाही, मीही विचारणार नाही. पण तो वाचताना मला शंका आली की औषध लांबवण्यात थोडी शिक्षाही आहे, आपली आपल्यालाच दिलेली. तसे असेल तर केंद्रातल्या समुपदेशकाशी त्यावर एकदा मोकळेपणे बोला. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे नाव सांगावे लागत नाही.

केंद्रात जाताना तपासणीचे सगळे कागद, चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणि तो काढा बरोबर घ्या. कावीळ ब ची तपासणी झाली का ते विचारा, कारण या गोळीतली दोन औषधे त्या विषाणूवरही चालतात आणि तो अंगात असेल तर गोळी मध्येच बंद करणे यकृताला महागात पडू शकते. आणि खोकला किती दिवसांचा आहे, हे घरून निघण्यापूर्वी नीट आठवून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.